विश्लेषण : घोडा नसलेले घोडदळ आणि सहा दिवसांची झुंज! परमवीर लेफ्टनंट कर्नल तारापोर कोण होते?

भारतीय लष्करातील ‘पूना हॉर्स’ या रेजिमेंटच्या नावात पुणे आहे आणि घोडाही आहे. प्रत्यक्षात तिच्याकडे घोडे नाहीत, रणगाडे आहेत. याच रेजिमेंटच्या दोन अधिकाऱ्यांना युद्धातील सर्वोच्च शौर्याचा सन्मान म्हणजे परमवीर चक्र मिळाले आहे. त्यातले सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल यांचे नाव अनेकांना माहीत असते. त्यांच्या आधी, १९६५ च्या युद्धात हा सन्मान मिळवणारे लेफ्टनंट कर्नल अर्देशीर बर्झोरजी तारापोर मात्र स्पर्धा परीक्षेच्या एका ओळीत उरले आहेत.

हैदराबादच्या निझामाच्या फौजेत भरती झालेला, पुण्याच्या शाळेत शिकलेला हा पारशी तरुण सियालकोटच्या रणांगणावर कसा पोहोचला? जखमी हात घेऊन पाच दिवस लढत राहण्यामागे केवळ जिद्द होती की त्याला युद्धशास्त्रातले काही कारणही होते? आणि ‘साठ रणगाडे उद्ध्वस्त’ या आकड्याचा अर्थ कसा लावायचा? जाणून घेऊ या.

रणगाडे असूनही ‘घोडदळ’ का म्हणतात?

सैन्यात काही नावे काम बदलले तरी बदलत नाहीत. घोड्यावरच्या सैनिकाचे काम होते वेगाने पुढे जाणे, शत्रूची फळी फोडणे आणि त्याला सावरायला वेळ न देणे. विसाव्या शतकात मशीनगन आल्या, तारेची कुंपणे आली आणि घोडा या कामासाठी निरुपयोगी ठरला. मग हेच काम रणगाड्याकडे आले. भारतीय घोडदळाच्या रेजिमेंटमधून दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास घोडे काढून त्यांना चिलखती वाहने देण्यात आली. नावे, निशाणे आणि हुद्दे तेच राहिले. म्हणूनच आजही रणगाड्यात बसणारा जवान ‘सवार’ असतो, त्याच्या वर ‘दफेदार’ आणि त्याच्या वर ‘रिसालदार’. घोडे खऱ्या अर्थाने टिकून राहिले ते जयपूरच्या ६१ व्या कॅव्हलरीमध्ये.

पूना हॉर्सची मुळे दोन वेगवेगळ्या रेजिमेंटमध्ये आहेत. एक १८१७ मध्ये पुण्यात उभी राहिली. दुसऱ्या बाजीराव पेशव्यांशी झालेल्या पुणे करारानंतर ईस्ट इंडिया कंपनीने जे घोडदळ उभारले, त्यातून ती आली. दुसरी १८२० मध्ये उभी राहिलेली मुंबई इलाख्याची तिसरी लाइट कॅव्हलरी. १९२१ मध्ये दोन्ही एकत्र करण्यात आल्या. पेशवाई संपवणाऱ्या युद्धात कंपनीच्या बाजूने लढलेल्या घोडदळाचा वारसा स्वतंत्र भारताच्या सैन्यात आला, हे थोडे विचित्र वाटेल. पण भारतीय लष्करातील बहुतेक जुन्या रेजिमेंटची कुळकथा अशीच गुंतागुंतीची आहे.

रणगाड्याचे नाव ‘खुशाब’ कसे?

१९६५ मध्ये तारापोर ज्या सेंच्युरियन रणगाड्यातून रेजिमेंटचे नेतृत्व करत होते, त्याचे नाव होते ‘खुशाब’. हे नाव इराणमधल्या एका लढाईचे आहे. ८ फेब्रुवारी १८५७ रोजी बुशहरजवळील खुशाब येथे इंग्रज आणि इराणी फौजा समोरासमोर आल्या. इराणी पायदळाने चौकोनी व्यूह रचला होता. चारही बाजूंना संगिनी रोखलेला असा चौकोन घोडदळाने फोडणे जवळपास अशक्य मानले जाई. तिसऱ्या लाइट कॅव्हलरीने तो फोडला. या हल्ल्यात लेफ्टनंट मूर यांचा घोडा उडी मारून थेट संगिनींवर पडला आणि मेला. खाली पडलेल्या मूर यांना लेफ्टनंट माल्कमसन यांनी आपल्या रिकिबीचा आधार देऊन बाहेर काढले. दोघांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. रेजिमेंटच्या निशाणाच्या टोकावर आजही दिसणारा चांदीचा पंजा हे तिथलेच जिंकलेले चिन्ह.

रणगाड्यांना लढायांची नावे देणे ही सैन्यातली जुनी पद्धत आहे. वायरलेसवर क्रमांक बोलला जातो, पण रणगाड्याच्या अंगावर नाव असते.

तारापोर कुठले?

त्यांचा जन्म १८ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबईत झाला. आडनाव आले ते आजच्या पालघर जिल्ह्यातल्या तारापूरवरून. अणुऊर्जा केंद्रामुळे सगळ्यांना माहीत असलेले तेच हे गाव. आठ पिढ्यांपूर्वीचे पूर्वज रतनजीबा हे छत्रपती शिवाजी महाराजांच्या सैन्यात होते आणि त्यांना शंभर गावे इनाम मिळाली, त्यात तारापूर मुख्य होते, असे त्यांच्याविषयीच्या लेखनात सर्रास सांगितले जाते. ही घराण्यात चालत आलेली आठवण आहे आणि ती तशीच वाचावी. कारण शिवकाळात तारापूरचा किल्ला पोर्तुगीजांकडे होता. तो मराठ्यांनी घेतला १७३९ मध्ये, चिमाजी अप्पांच्या वसई मोहिमेच्या वेळी.

आजोबा हैदराबादला गेले आणि निझामाच्या अबकारी खात्यात नोकरीला लागले. वडीलही निझामाच्याच सेवेत होते. फारसी आणि उर्दूचे ते जाणकार. घरी सगळे ‘आदी’ म्हणत. सातव्या वर्षी आदीला पुण्याच्या सरदार दस्तूर शाळेच्या वसतिगृहात पाठवण्यात आले. अभ्यासात तो बेताचाच, पण खेळात पुढे. शेवटच्या वर्षी शाळेचा कॅप्टन झाला आणि १९४० मध्ये मॅट्रिक झाल्यावर लगेच सैन्यासाठी अर्ज केला. हा अर्ज ब्रिटिश भारतीय सैन्यासाठी नव्हता. हैदराबाद संस्थानाचे स्वतःचे सैन्य होते आणि तारापोर तिथे भरती झाले. प्रशिक्षण गोवळकोंडा आणि नंतर बंगळूर येथे झाले. १९४२ मध्ये ते सातव्या हैदराबाद इन्फन्ट्रीमध्ये सेकंड लेफ्टनंट म्हणून रुजू झाले.

पायदळातून घोडदळात कसे गेले?

तारापोर यांना पायदळ नको होते. त्यांना चिलखती वाहने चालवणाऱ्या रेजिमेंटमध्ये जायचे होते आणि तशी बदली मिळत नव्हती. ती मिळाली एका हातबॉम्बमुळे.

नव्या जवानांना हातबॉम्ब फेकण्याचे शिक्षण सुरू होते. अशा सरावासाठी वाळूच्या पोत्यांची किंवा मातीची भिंत घालून छोटे कप्पे केलेले असतात. पिन काढली की काही सेकंदांतच बॉम्ब फुटतो, त्यामुळे चूक झाली तर विचार करायला वेळ उरत नाही. एका जवानाचा हात चुकला आणि बॉम्ब कप्प्यातच पडला. तारापोर यांनी उडी घेतली, तो उचलला आणि बाहेर फेकला. बॉम्ब हातातून सुटल्यावर लगेच फुटला आणि त्याचे तुकडे त्यांच्या छातीत घुसले. हैदराबादच्या फौजेचे सरसेनापती मेजर जनरल अल इद्रूस यांनी हे पाहिले होते. बरे झाल्यावर त्यांनी तारापोर यांना कौतुकासाठी बोलावून घेतले. तारापोर यांनी संधी साधून बदली मागितली आणि इद्रूस यांनी ती दिली. अशा रीतीने ते पहिल्या हैदराबाद इम्पिरियल सर्व्हिस लान्सर्समध्ये आले. दुसऱ्या महायुद्धात ही रेजिमेंट मध्यपूर्वेत होती, तिथे तारापोर यांनीही सेवा बजावली.

निझामाच्या फौजेतून भारतीय सैन्यात प्रवेश कसा मिळाला?

मराठवाड्यातल्या वाचकांना हा भाग वेगळा समजावून सांगायला नको. सप्टेंबर १९४८ मध्ये भारत सरकारने हैदराबादमध्ये पोलीस कारवाई केली. १३ सप्टेंबरला भारतीय फौजा शिरल्या आणि १७ सप्टेंबरला निझामाच्या सैन्याने शरणागती पत्करली. सोलापूरच्या बाजूने आत शिरलेल्या मुख्य तुकडीचे नेतृत्व मेजर जनरल जयंतोनाथ चौधरी यांच्याकडे होते. इद्रूस यांनी शरणागती दिली ती चौधरी यांच्यापुढेच.

विलीनीकरणानंतर संस्थानी फौजेतल्या अधिकाऱ्यांचे काय करायचे, हा प्रश्न देशभर होता. सगळ्यांना सामावून घेणे शक्य नव्हते, म्हणून निवड करून योग्य अधिकारी भारतीय सैन्यात घेतले गेले. तारापोर त्यात होते. १९५१ मध्ये ते पूना हॉर्समध्ये आले. पुढे सेंच्युरियन रणगाड्यांच्या प्रशिक्षणासाठी इंग्लंडला गेले आणि १९६५ पर्यंत रेजिमेंटचे प्रमुख, म्हणजे कमांडंट झाले.

योगायोग असा की, १९६५ च्या युद्धात भारताचे लष्करप्रमुख होते तेच जनरल चौधरी. सतरा वर्षांपूर्वी एकमेकांच्या विरुद्ध बाजूच्या फौजांत असलेले दोन अधिकारी आता एकाच सैन्यात होते.

सियालकोटकडे का वळले?

ऑगस्ट १९६५ मध्ये पाकिस्तानने काश्मीरमध्ये घुसखोर पाठवले. १ सप्टेंबरला छांबमध्ये रणगाडे घालून अखनूरच्या दिशेने मुसंडी मारली. अखनूरचा पूल गेला असता तर जम्मूपासून पुढच्या भागाचा संपर्क धोक्यात आला असता. हा दबाव कमी करण्यासाठी भारताने ६ सप्टेंबरला लाहोरच्या दिशेने आघाडी उघडली आणि ८ सप्टेंबरला सियालकोट भागात. दुसऱ्या आघाडीवर भारताची पहिली चिलखती डिव्हिजन उतरवण्यात आली. तिचे प्रमुख होते मेजर जनरल राजिंदरसिंग, सैन्यात ‘स्पॅरो’ या टोपणनावाने ओळखले जाणारे. पूना हॉर्स याच डिव्हिजनमध्ये होती.

समोर होती पाकिस्तानची सहावी चिलखती डिव्हिजन. तिच्यातल्या गाइड्स कॅव्हलरी आणि अकरावी कॅव्हलरी या रेजिमेंट १९४७ पर्यंत पूना हॉर्सप्रमाणे एकाच ब्रिटिश भारतीय सैन्याचा भाग होत्या. फाळणीत टेबल-खुर्च्यांपासून रेजिमेंटपर्यंत सगळ्याची वाटणी झाली. अठरा वर्षांनी त्या रेजिमेंट एकमेकींवर तोफा रोखून उभ्या होत्या, वायरलेसवरचे शब्दसुद्धा बरेचसे सारखेच.

सेंच्युरियन विरुद्ध पॅटन

भारताच्या बाजूने ब्रिटिश बनावटीचे सेंच्युरियन होते, पाकिस्तानकडे अमेरिकेने दिलेले एम-४८ पॅटन. कागदावर पॅटन सरस होता. त्याचा वेग जास्त, तोफ ९० मिलिमीटरची आणि अंतर मोजण्याची त्याची यंत्रणा त्या काळात आधुनिक मानली जाई. सेंच्युरियन सुमारे ५० टन वजनाचा, ताशी ३५ किलोमीटरच्या आसपास धावणारा. त्याचे ‘मीटिओर’ इंजिन रोल्स रॉइसच्या ‘मर्लिन’ या विमान इंजिनापासून केलेले. एकदा टाकी भरली की जेमतेम शंभरेक किलोमीटर जाणार. म्हणजे रणगाड्यांच्या मागे सतत इंधनाचे ट्रक हवेत.

मग तरीही सेंच्युरियन भारी का पडला? एक कारण त्याचे जाड चिलखत. दुसरे कारण जास्त महत्त्वाचे. पॅटनची अंतर मोजण्याची यंत्रणा नीट वापरायला गनरला भरपूर सराव लागे. दोन्ही डोळ्यांनी बघून त्रिमितीय प्रतिमा जुळवायची, मग अंतर निश्चित करायचे. शांततेत, सरावाच्या मैदानावर हे सुंदर चालते. धूळ, धूर आणि उसाचे फड यात सहाशे-आठशे मीटरवर अचानक शत्रूचा रणगाडा दिसला, तर पहिला गोळा कोण मारतो यावर सगळे ठरते. सेंच्युरियनच्या गनरची पद्धत साधी होती आणि तिचा सराव घोटून घेतलेला होता. यंत्र चांगले असणे आणि ते चालवणाऱ्याच्या हाताला बसलेले असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आता प्रश्न रणगाड्याच्या कमांडरचा. सेंच्युरियनमध्ये चार जण असतात. चालक पुढे, गनर आणि लोडर तोफेजवळ, कमांडर सर्वात वर. कमांडरच्या डोक्यावर पोलादी झाकण असते. ते बंद केले तर बाहेरचे जग पेरिस्कोपच्या अरुंद काचांतून तुकड्या-तुकड्यांनी दिसते. झाकण उघडून छातीपर्यंत बाहेर उभे राहिले तर चौफेर दिसते, पण तोफगोळ्याचा एखादा तुकडाही जीव घेऊ शकतो. तारापोर उघड्या झाकणातून उभे राहून लढत आणि आपल्या अधिकाऱ्यांकडूनही तीच अपेक्षा ठेवत. हे केवळ धाडस नव्हते. उसाच्या पिकात, सपाट मुलखात जो आधी बघतो तोच आधी गोळा मारतो. चाळीस-पंचेचाळीस रणगाड्यांची रेजिमेंट हलवणाऱ्या प्रमुखाला तर फक्त समोरचा शत्रू बघून चालत नाही. आपले रणगाडे कुठे अडकले, कुठली बाजू उघडी पडली, हेही क्षणाक्षणाला कळायला हवे.

११ ते १६ सप्टेंबर : नेमके काय घडले?

११ सप्टेंबरला पूना हॉर्सला फिलौरा घेण्यासाठी मुख्य चिलखती धडक मारायचे काम मिळाले. समोरून न जाता मागून अचानक हल्ला करायचा, असा बेत होता. त्यासाठी रेजिमेंट फिलौरा आणि चविंडा या दोन गावांच्या मधून घुसत होती. तेवढ्यात वझीरवालीच्या बाजूने पाकिस्तानी रणगाडे चालून आले. पुढे जायचे तर बाजू उघडी पडते, बाजू सांभाळावी तर फिलौरा हातचे जाते, असा तो पेच.

तारापोर रेजिमेंटच्या अग्रभागी होते. त्यांनी चालून आलेल्या रणगाड्यांना रोखून धरले आणि त्याच वेळी एक स्क्वाड्रन घेऊन, पायदळाच्या एका बटालियनच्या साथीने फिलौरावर हल्ला चढवला. फिलौरा त्याच दिवशी भारताच्या ताब्यात आले. या लढाईत तारापोर यांच्या हाताला जखम झाली. मागे जाऊन उपचार घ्या, असे त्यांना सांगण्यात आले. त्यांनी नकार दिला. पट्टी बांधून, हात गळ्यात अडकवून ते पुन्हा ‘खुशाब’वर चढले.

यानंतरच्या दिवसांविषयी जे लिहिले जाते ते बहुतेक वेळा दोन ओळींत उरकले जाते. पण खरी कसोटी तिथेच होती. रणगाड्यांची लढाई म्हणजे दिवसभर सतत गोळीबार नव्हे. रात्री रेजिमेंट एका जागी गोळा होते. इंधन भरायचे, दारूगोळा चढवायचा, तुटलेल्या पट्ट्या दुरुस्त करायच्या, मृत आणि जखमी सहकाऱ्यांच्या जागी दुसरे जवान बसवायचे. झोप मिळते दोन-तीन तास. पहाटे पुन्हा निघायचे. पन्नास टनांच्या लोखंडी पेटीत सप्टेंबरचा उकाडा, बारुदाचा धूर आणि इंजिनाची धडधड. धडधाकट माणूसही यात चार दिवसांत गळून जातो. तारापोर एका हाताने बुरुजावर चढत-उतरत होते.

१४ सप्टेंबरला त्यांनी वझीरवाली घेतली. १६ सप्टेंबरला जसोरां आणि बुटूर डोगरांडी. ही दोन्ही ठिकाणे महत्त्वाची होती ती चविंडामुळे. चविंडा रेल्वेमार्गावरचे ठाणे, पाकिस्तानने भक्कम केलेले. त्यावर मागच्या बाजूने पायदळाला हल्ला करता यावा म्हणून रणगाड्यांनी ही दोन गावे धरून ठेवायची होती. ‘खुशाब’वर अनेक गोळे बसले, तरी तारापोर यांनी जागा सोडली नाही. त्याच दिवशी ते प्राणघातक जखमी झाले. जळत्या रणगाड्यात ते धारातीर्थी पडल्याची वर्णने इंटरनेटवर जागोजागी सापडतात. परमवीर चक्राच्या प्रशस्तिपत्रात मात्र ‘प्राणघातक जखमी’ एवढेच शब्द आहेत आणि पुढचे वाक्य आहे ते रेजिमेंट तरीही लढत राहिल्याचे. तेव्हा ते ४२ वर्षांचे होते.

बुटूर डोगरांडीत आणखी कोण होते?

या गावाची कथा फक्त पूना हॉर्सची नाही. तिथे पायदळ होते आठव्या गढवाल रायफल्सचे. त्यांचे कमांडिंग ऑफिसर होते लेफ्टनंट कर्नल जे. ई. झिराड. बेने इस्रायल समाजातले, म्हणजे कोकणात शतकानुशतके राहिलेल्या मराठीभाषक ज्यूंपैकी. अलिबागजवळच्या झिराड गावावरून आलेले हे आडनाव. याच लढाईत ते मारले गेले. त्यांच्यानंतर बटालियनची सूत्रे घेतली मेजर अब्दुल रफी खान यांनी. रामपूरच्या नवाब घराण्याशी नाते असलेले रफी खानही इथेच धारातीर्थी पडले. त्यांना मरणोत्तर वीर चक्र मिळाले.

एक पारशी, एक ज्यू, एक मुसलमान. गावाचे नाव डोगरांडी, लढणारे गढवाली, राजपूत, जाट. परमवीर चक्राच्या प्रकाशझोतामुळे तारापोर निदान नावाने तरी माहीत आहेत. झिराड यांचे नाव त्यांच्या मूळ मुलखातही फारसे कोणी घेत नाही.

‘माझे दहन इथेच करा’

लढाईला तोंड फुटण्याआधी तारापोर यांनी आपले सहकारी मेजर चीमा यांना काही गोष्टी सांगून ठेवल्या होत्या. आपण पडलो तर रणभूमीवरच दहन करायचे. प्रार्थनेचे पुस्तक आईला द्यायचे, सोन्याची साखळी पत्नीला, अंगठी मुलीला, ब्रेसलेट आणि फाउंटन पेन मुलाला. आणि मुलाला सैन्यात जायला सांगायचे.

यातली पहिली इच्छा समजून घ्यायला पारशी रिवाज माहीत हवा. झरतुष्ट्री धर्मात अग्नी पवित्र असतो आणि मृतदेहाने तो विटाळू नये, असा परंपरागत दंडक आहे. म्हणूनच दहनाऐवजी दोखम्याची, म्हणजे शांतिमनोऱ्याची पद्धत आली. प्रार्थनेचे पुस्तक सोबत बाळगणारा माणूस हा दंडक मोडायला सांगतो, तेव्हा ते अश्रद्धेतून आलेले नसते. आघाडीवर दोखमा कुठून आणणार? शिवाय आपला देह मागे नेण्यासाठी गाडी आणि माणसे गुंतवावी लागणार, हे कमांडंटला ठाऊक असते. त्यांच्या इच्छेप्रमाणे त्यांना रणभूमीवरच अग्नी देण्यात आला.

साठ विरुद्ध नऊ : हा आकडा कसा वाचायचा?

तारापोर यांच्या प्रशस्तिपत्रात म्हटले आहे की रेजिमेंटने शत्रूचे सुमारे साठ रणगाडे उद्ध्वस्त केले आणि स्वतःचे फक्त नऊ गमावले. हा भारताचा अधिकृत दावा आहे. त्यातला ‘सुमारे’ हा शब्द वगळून तो फॉरवर्ड होतो, तसा तो होऊ नये. रणगाड्याला गोळा लागणे, तो बंद पडणे आणि तो कायमचा नष्ट होणे या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. पट्टी तुटलेला रणगाडा लांबून मेल्यासारखा दिसतो. रात्रीतून शत्रूने तो ओढून नेला तर दोन दिवसांनी पुन्हा लढायला येतो. शिवाय एकाच रणगाड्यावर दोन तुकड्यांनी गोळे मारले, तर दोघीही तो आपल्या खात्यात मांडतात. म्हणून प्रत्येक युद्धात दोन्ही बाजूंचे हिशेब जुळत नाहीत, याही युद्धात ते जुळलेले नाहीत. आकड्यावर वाद घालता येईल. रेजिमेंटने फिलौरा, वझीरवाली आणि जसोरां घेतले, यावर मात्र तो घालता येत नाही.

आणखी एक गोष्ट भारतीय लेखनात अनेकदा गाळली जाते. ज्या चविंडासाठी ही सगळी धडपड होती, ते भारताला मिळाले नाही. १८-१९ सप्टेंबरच्या सुमारास पायदळाने केलेला हल्ला अपयशी ठरला. २३ सप्टेंबरला युद्धविराम झाला. फिलौरा-चविंडाची लढाई दुसऱ्या महायुद्धानंतरच्या सर्वात मोठ्या रणगाडा-लढायांपैकी एक मानली जाते. पाकिस्तानात ती ‘चविंडा वाचवले’ म्हणून शिकवली जाते, भारतात ‘फिलौरा जिंकले’ म्हणून. दोन्ही वाक्ये आपापल्या जागी खरी आहेत. तारापोर यांच्या शौर्याला चविंडा न मिळाल्याने काही बाधा येत नाही. त्यामुळे ते लपवण्याचेही कारण नाही.

परमवीर चक्र आणि त्यानंतर

१९६५ च्या युद्धात दोघांनाच परमवीर चक्र मिळाले. दोघांनाही मरणोत्तर. पहिले कंपनी क्वार्टरमास्टर हवालदार अब्दुल हमीद, ज्यांनी खेमकरण भागात जीपवरच्या तोफेने पॅटन रणगाडे फोडले. दुसरे तारापोर. परमवीर चक्राच्या मानकऱ्यांमध्ये हुद्द्याने सर्वात वरिष्ठ तेच आहेत. युद्धात इतका वरिष्ठ अधिकारी सर्वात पुढे असतो असे नाही. बहुतेक परमवीर हे तरुण अधिकारी किंवा जवान आहेत. आणि या पदकाचा एक धागा महाराष्ट्राशी जोडलेला आहे. त्याची रचना केली सावित्रीबाई खानोलकर यांनी. जन्माने युरोपातल्या, लष्करी अधिकारी विक्रम खानोलकर यांच्याशी लग्न करून त्या भारतीय झाल्या. पदकावरची वज्राची कल्पना त्यांची.

सहा वर्षांनी, १९७१ मध्ये, पूना हॉर्स पुन्हा याच सीमेवर, बसंतर नदीकाठी होती. १६ डिसेंबरला ‘फामागुस्ता’ नावाच्या सेंच्युरियनमध्ये अरुण खेत्रपाल धारातीर्थी पडले. वय २१. जन्म पुण्याचा. एकाच रेजिमेंटमध्ये एक परमवीर तिचा प्रमुख आणि दुसरा तिचा नुकताच दाखल झालेला सेकंड लेफ्टनंट, असे उदाहरण विरळाच.

पुण्यात कॅम्प परिसरात लेफ्टनंट कर्नल तारापोर मार्ग आहे. तिथून रोज जाणाऱ्या अनेकांना ते आडनाव एखाद्या पारशी दानशूराचे वाटते. २३ जानेवारी २०२३ रोजी अंदमान-निकोबारमधील २१ मोठ्या निनावी बेटांना परमवीरांची नावे देण्यात आली, त्यातले एक तारापोर यांच्या नावाचे आहे.

आणि ज्या जमिनीसाठी ते लढले तिचे काय झाले? १० जानेवारी १९६६ रोजी ताश्कंद करार झाला. दोन्ही देशांनी ५ ऑगस्ट १९६५ पूर्वीच्या जागी परतायचे ठरले आणि फेब्रुवारी १९६६ च्या अखेरीपर्यंत सैन्ये मागे आली. फिलौरा, वझीरवाली, जसोरां, बुटूर डोगरांडी ही गावे पाकिस्तानला परत गेली. तारापोर पडले ते शेत आज सीमेपलीकडे आहे.